हललेली भागीरथा

वाडीत रुपराव डाखोळ्यांचं घर विचारलं, तर माणूस पत्ता सांगण्याआधी हसायचा. मग म्हणायचा, ते फोटोवाले ना, बायकोला खुर्चीत बसवून ‘हालू नोको’ म्हणून ओरडतात ते? गोदामांच्या मागच्या गल्लीत जा, निळं फाटक आहे. आता ओरडण्याचं म्हणाल तर त्यात खोटं काही नव्हतं. अमरावती रोडवरून भरलेला ट्रक गेला की अख्खं घर थरथरायचं, आणि तो जाईपर्यंत रुपराव कॅमेऱ्यावर हात ठेवून उभे राहायचे. ट्रकला काही म्हणता येत नाही, म्हणून बायकोला म्हणायचे.

मूळचे ते सावनेरकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. हात मात्र चित्राचा होता, म्हणून नकाशे काढणाऱ्या एका सरकारी कचेरीत आरेखक म्हणून चिकटले. तिथे विमानातून काढलेले जमिनीचे फोटो यायचे. एकाच जागेचे दोन फोटो, पण जरा जरा सरकून काढलेले. आरशांच्या यंत्राखाली ते शेजारी शेजारी ठेवायचे. डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा डोळा उजवा, आणि डोक्यात दोन्ही एक होऊन सपाट कागदातून टेकडी वर येते, नाला खाली जातो. साहेबांना त्यातून खाली कोळसा कुठे असेल ते ताडायचं असायचं. रुपरावांना कोळशाशी काही देणंघेणं नव्हतं. टेकडी उठली की त्यांच्या अंगावर काटा यायचा, आणि नोकरी संपेपर्यंत तो येत राहिला. ते याला ‘उठाव’ म्हणत. यंत्र कचेरीचं होतं, ते निवृत्तीच्या दिवशी कचेरीतच राहिलं.

निवृत्त झाल्यावर लोक देवाच्या मागे लागतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या. रुपराव कम्प्युटरच्या मागे लागले. कॅमेरा बाजूला सरकवता यावा म्हणून त्यांनी सागाच्या लाकडाची एक खाचेची पट्टी करून घेतली. एक फोटो काढायचा, दोन डोळ्यांत असतं तेवढंच अंतर कॅमेरा सरकवायचा, दुसरा काढायचा. मग दोन्ही कम्प्युटरवर उतरवून पडद्यावर शेजारी शेजारी लावायचे, वर-खाली झाले असतील तर केसभर सरकवून सारखे करायचे. सीताबर्डीच्या बाजारातून दोन भिंगं आणून प्लायवूडच्या खोक्यात बसवली होती. ते खोकं पडद्यासमोर ठेवलं आणि त्याला डोळे लावले की झालं. भिंत उरत नाही, पडदा उरत नाही. अंगणातलं सीताफळाचं झाड पानापानाने पुढे येतं.

अशा दोन फोटोंना ते ‘जोड’ म्हणत. घरी कोणीही आलं की चहाच्या आधी जोड. गोदामातला मुनीम वरच्या खोलीचं भाडं द्यायला आला, तर त्यालाही आधी खोक्याला डोळे लावावे लागायचे. लोक दोन क्षण वाकायचे, ‘वा काका’ म्हणायचे आणि कंबर धरून सरळ व्हायचे. कळमेश्वरला दिलेली एकुलती एक मुलगी श्वेता माहेरी आली की तिच्यापुढेही हे सगळं व्हायचं. डावा म्हणजे काय, उजवा म्हणजे काय, एकाशिवाय दुसरा कसा फुकट. श्वेता मान हलवायची. मान हलवणं आणि ऐकणं यात फरक असतो, तो रुपरावांच्या कधी ध्यानात आला नाही, कारण घरात त्यांच्या स्वतःच्या मानेलाही तीच सवय होती.

पण झाडं आणि ट्रकचे टायर किती दिवस काढणार? शेवटी हक्काचं माणूस घरात होतंच. भागीरथा, त्यांची बायको. तिला वेताच्या खुर्चीत बसवायचं. उठाव चांगला यावा म्हणून समोर जवळ काहीतरी वस्तू लागते, ती नसली तर मागचं माणूस किती मागे आहे ते डोळ्याला कळत नाही. म्हणून दुसरी वेताची खुर्ची तिच्या पुढे, जरा बाजूला, रिकामीच ठेवायची. भागीरथा मागच्या खुर्चीत, पुढची मोकळी, आणि रुपराव पट्टीमागे. पहिला फोटो. ‘हालू नोको.’ कॅमेरा सरकवायचा. ‘श्वास घेऊ नोको वं, खांदा हालते.’ दुसरा फोटो. मधल्या वेळात ती हलली तर जोड वाया, कारण दोन डोळ्यांना दोन वेगळ्या बायका दिसतात आणि डोकं त्यांना एक करत नाही.

आणि भागीरथा हलायचीच. त्या बाईचा जन्म बसून राहण्यासाठी झालाच नव्हता. कुकरची शिट्टी झाली की तिची मान वळायची, डास बसला की हात उठायचा, आणि काही नाही तर मधेच काहीतरी सांगायला तोंड उघडायचं. रुपराव डोक्याला हात लावायचे. तोंड उघडलं की ‘मंग सांगजो, मंग’ म्हणायचे, आणि ते मग कधी यायचं नाही. बिघडलेले फोटोसुद्धा त्यांनी टाकले मात्र नाहीत. सरकारी नोकरीत जन्म गेलेला माणूस, कागद फाडायची हिंमत होत नाही. नावापुढे ‘बाद’ लिहायचं आणि ठेवून द्यायचं.

एकदा तर ती सरळ उठून निघूनच गेली. पहिला फोटो झाला, त्यांनी कॅमेरा सरकवला, बटण दाबलं आणि वर बघतात तो खुर्ची रिकामी. ऊन इतकं चांगलं पडलं होतं. रुपराव त्या दिवशी जेवायला बसले ते भिंतीकडे तोंड करून, आणि पुढे दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ती का उठली हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला बोलावं लागलं असतं.

मात्र त्यांना तिची किंमत नव्हती असंही कोणी म्हणू नये. लाल-निळ्या कागदी चष्म्याने बघायचे फोटो कम्प्युटरवर सहज करता येतात. पाहुण्यांसाठी त्यांनी फुटाळा तलावाच्या काठाचे तसे केलेही होते. भागीरथेचा तसा फोटो त्यांनी एकदाच केला आणि लगेच पुसून टाकला. लाल काचेतून तिचं कुंकू नाहीसं व्हायचं, निळ्या काचेतून काळं पडायचं, आणि दोन्ही डोळ्यांनी बघितलं की कपाळावर नुसतं लुकलुकायचं. ते त्यांना बघवलं नाही. तिचे फोटो मग कायम दोन वेगळ्या फायलींतच राहिले, डावा एकीकडे आणि उजवा एकीकडे. त्यांच्या मनातलं प्रेम असं कम्प्युटरमध्येच व्यक्त व्हायचं. बाईला ते कळलं असेल का, देव जाणे.

भागीरथा गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गेली. अनारशाचं पीठ भिजवून ठेवलं होतं. छातीत दुखतं म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत आटोपलं.

लोकांनी रीतीप्रमाणे फोटो मोठा करून, हार घालून भिंतीला लावला. रुपरावांना तो बघवत नव्हता. इतका सपाट, नाक गालाला चिकटलेलं. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि त्या दुपारी त्यांनी कम्प्युटर लावला, खोकं पुढे ओढलं, एक जोड काढली आणि डोळे लावले. समोर रिकामी खुर्ची, तिच्या मागे हातभर अंतरावर भागीरथा. गालाच्या पुढे नाक, नाकाच्या बाजूला नथीचा मोती हवेत. पदराची घडी खांद्यावरून पुढे आलेली. हात पुढे केला तर लागेल अशी. रुपराव खोक्यात तोंड घालून ढसाढसा रडले. भिंगांवर वाफ धरली, ती पुसून पुन्हा बघितलं.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की ते तिच्यासमोर बसायचे. बाकी दिवस कसातरी निघायचा. जिवंतपणी जिला इतका वेळ कधी दिला नाही तिला आता सबंध दुपार द्यायचे. माणसाला अक्कल येते, पण नेमकी गाडी सुटल्यावर.

पावसाळ्यात त्यांच्या ध्यानात आलं की उठाव कमी होतोय. भागीरथा मागे सरकत सरकत खुर्चीला, मग भिंतीला चिकटायला लागली. आधी त्यांनी भिंगं पुसली, खोकं बदललं, फोटो पुन्हा पुन्हा सारखे केले. दोष खोक्यात नव्हता, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याला धुकं दिसलं की दुसरा एकटा काय करणार? डोळ्याला हात लावू द्यायला ते फार घाबरत, पण भागीरथा पुन्हा सपाट होणार या भीतीपुढे ती भीती काहीच नव्हती. ते स्वतःहून दवाखान्यात गेले आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आले. शेजाऱ्यांना वाटलं, म्हातारा सुधारला.

श्वेता सासरच्यांना सांगून वाडीला येऊन राहिली. डोळ्यात थेंब घालायची, पथ्याचं करायची. नवा चष्मा मिळेपर्यंत पडद्याकडे बघायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. रुपराव पलंगावर पडून दिवस ढकलत होते. कम्प्युटर बऱ्याच दिवसांपासून जागा भरली, जागा भरली म्हणून कुरकुरत होता. त्यांना वाटलं, आयती पोरगी घरी आहे. तिला म्हणाले, त्यातला फालतू कचरा तेवढा काढून टाक, आणि झालं की निळ्या डिस्कवर सगळं उतरव. ती डिस्क म्हणजे त्यांची शिस्त होती. काही बिघडलं तर तिथे दुसरी प्रत असावी म्हणून त्यांनी ठेवलेली. पण तिथे पसारा नको म्हणून त्यांनी ती अशी लावली होती, की कम्प्युटरवर जे आहे तेवढंच तिथे राहील, आणि जे इथून गेलं ते तिथूनही जाईल.

श्वेताने कामात कसूर केली नाही. कचरा काढायला बसली ती आईच्या फोटोंपाशी अडकली. दोन दिवस दुपारभर ती एकेक फोटो उघडून बघत होती आणि नाक पुसत होती. रुपरावांना आतून तिचं मुसमुसणं ऐकू यायचं, आणि पोरगी आईसाठी रडते आहे हे त्यांना बरंही वाटायचं. तिच्या एक गोष्ट ध्यानात आली, की बाबांनी प्रत्येक फोटो दोन-दोनदा ठेवला आहे. तोच चेहरा, तीच साडी, तसंच बसणं. म्हातारपणी बटण दोनदा दाबलं जात असेल, असं तिला वाटलं. सारख्या दोनांतला एक तिने ठेवला, एक काढला. मोकळ्या झालेल्या जागेत आपल्या मोबाइलमधले लेकराच्या वाढदिवसाचे व्हिडिओ उतरवले, आणि बाबांनी सांगितलं होतं म्हणून शेवटी निळी डिस्कही लावली.

नवा चष्मा आला त्या दिवशी रुपरावांनी दाढी केली. जग एकदम धुऊन काढल्यासारखं दिसत होतं. भिंतीचा रंग पिवळा नसून पांढरा आहे हे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळलं. जेवण झाल्यावर ते खुर्चीत बसले, खोकं पुढे ओढलं, आणि आवडती जोड काढायला गेले तर डावा फोटो होता, उजवा नव्हता. दुसरी बघितली, तिचाही उजवा नव्हता. मग भराभर बाकीच्या उघडून बघितल्या. कचऱ्याची टोपली बघितली, ती रिकामी होती. निळी डिस्क लावली. तिने हुकूम तंतोतंत पाळला होता, इथे नव्हतं ते तिथेही नव्हतं.

सीताबर्डीच्या एका दुकानात कम्प्युटर नेला, तर तिथल्या माणसाने तपासून सांगितलं, काका, त्या जागेवर दुसरं लिहिलं गेलंय, आता निघत नाही. रिक्षात कम्प्युटर मांडीवर घेऊन ते परत आले. श्वेता फाटकातच उभी होती, आणि तिला अजून आपण काय केलं ते कळलं नव्हतं. ती म्हणाली, सगळे फोटो आहेत ना बाबा, मी एकही आई काढली नाही, फक्त डबल होते ते काढले.

रुपरावांनी कम्प्युटर खाली ठेवला. मग म्हणाले, “तुह्या मायले तू दुसऱ्यांदा मारलं, श्वेता.”

असं वाक्य एकदा तोंडातून सुटलं की परत घेता येत नाही. श्वेता फाटकातून मागे वळली. ती घरात गेली, आपले कपडे पिशवीत भरायला लागली. रुपराव मागे मागे जाऊन डावा आणि उजवा समजावत होते, हजारदा सांगितलं होतं म्हणत होते. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि वरच्या मजल्यावरचा मुनीम जिन्यात येऊन उभा राहिला. श्वेताने पिशवीची चेन ओढली आणि मग पहिल्यांदाच बापाकडे सरळ बघितलं.

“हललेले सारे ठेवले मी,” ती म्हणाली. “जिथं ती हसून राहिली, बोलून राहिली, हात झाडून राहिली, ते दोन्ही दोन्ही ठेवले. त्यातच आई दिसते मले. बाकीच्यात तर तुमच्या धाकानं बसलेली बाई आहे.”

रुपरावांनी जिन्यातल्या मुनीमाला हातानेच वर जायला सांगितलं.

“त्यातल्या कितीक फोटोत तोंड उघडं आहे तिचं,” श्वेता म्हणाली. “काय म्हणून राहिली होती ती, बाबा?”

ते त्यांना माहीत नव्हतं. एकाही फोटोतलं माहीत नव्हतं. कोणत्या जोडीत ऊन कसं होतं, पट्टी किती सरकवली होती, साडी कोणती होती, सगळं तोंडपाठ होतं. ती काय म्हणत होती तेवढं नेमकं नव्हतं. श्वेता पिशवी उचलून कळमेश्वरच्या बसला गेली.

वर्षश्राद्धाला ती आली. स्वयंपाक केला, वाढलं, पाहुण्यांशी गोड बोलली. बापाला पानावर ‘अजून वाढू का’ एवढंच विचारलं, आणि तेही चारचौघांत विचारावं लागतं म्हणून. संध्याकाळच्या आत निघून गेली. रुपरावांनी तिला थांब म्हटलं नाही. चूक तिचीच होती असं ते अजूनही मानत होते, आणि कोणी भेटला की सांगतही होते. ऐकणारा म्हणायचा, पण काका, एक एक फोटो तर आहे ना? त्यावर ते नुसता हात हलवायचे. सपाट फोटो तर भिंतीवरही होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र त्यांना राहवलं नाही. डोळा इतका स्वच्छ झालेला, आणि त्याला बघायला काही नाही. दोन्ही बाजू शाबूत असलेले तिचे फोटो आता फक्त ‘बाद’ लिहिलेलेच उरले होते. आजवर त्यांनी ते कधी खोक्यात लावले नव्हते, बिघडलेला माल कशाला बघायचा म्हणून. त्यांनी ते एकेक लावले. एकात तिची मान कुकरकडे वळलेली. एकात तिचा हात डोळ्यांवर. चेहरा कुठेच जुळेना, दोन तोंडं एकमेकांवर चढत होती आणि बघणाऱ्याचं कपाळ दुखायला लागत होतं. त्यांनी खोकं बाजूला केलं, मग पुन्हा ओढलं.

शेवटी तो फोटो आला, ज्यातून ती उठून गेली होती.

दुसऱ्यांदा बटण दाबायच्या आधीचं तिचं बोलणं त्यांना त्या क्षणी आठवलं. एवढं एकच आठवलं, कारण त्या बोलण्यावरच त्यांना राग आला होता. भागीरथा पुढच्या मोकळ्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाली होती, “कवाची ते रिकामी खुर्ची पाहून राहिली मी. तुमी येऊन बसा ना तिथं.” आणि कॅमेरा सरकवता सरकवता ते म्हणाले होते, “मी बसलो तर फोटो कोण काढन? हालू नोको.”

त्यांनी दोन्ही बाजू शेजारी शेजारी लावल्या, वर-खाली सारख्या केल्या आणि खोक्याला डोळे लावले. डाव्या डोळ्यात भागीरथा होती, उजव्या डोळ्यात नुसती तिची खुर्ची. डोकं दोन्हींना एक करायला बघत होतं आणि ते होत नव्हतं. ती दिसायची, पण तिच्या पोटातून खुर्चीचा वेत दिसायचा. मग ती विरायची, आणि पुन्हा यायची. रुपरावांनी उजवा डोळा मिटला, तर ती पूर्ण आली, पण भिंतीवरच्या फोटोसारखी सपाट. डावा मिटला, तर नव्हतीच. बाहेर एक भरलेला ट्रक गेला आणि टेबल, पडदा, खोकं सगळं थरथरलं. तो जाईपर्यंत ते सवयीने थांबले, मग दोन्ही डोळे उघडले.

बाकी जोड उत्तम जमली होती. पुढची मोकळी खुर्ची अशी उठून आली होती, की तिच्या वेताची वीण न् वीण मोजावी, हात पुढे करून तिच्या पाठीवर ठेवावा. तिच्यात बसायला कोणी आलं नव्हतं, म्हणून ती जरासुद्धा हलली नव्हती.